काचेतली चांदणी

११ एप्रिल १९९७
दीर सुपडूभाऊंनी आज पुन्हा गाडीच्या काचेवर ड्रिल चालवलं. मी दुकानाबाहेर जाऊन हायवेवर उभी राहिले. ऊन मी म्हणतंय — पण तो आवाज नको!

१२ एप्रिल
दीर म्हणतात, "वहिनी, टवका उडाला की आधी बारीक भोक पाडायचं. त्याशिवाय तडा भरायचं रेझिन आत जातच नाही." मी म्हणते, जिथे आपोआप जातं तिथे कशाला टोचायची काच? मी का घाबरते ते त्यांना ठाऊक आहे.

दोन वर्षं होतील. हे धुळ्याहून जीप घेऊन येत होते. पारोळ्याच्या अलीकडे गाडी लिंबाच्या झाडावर आदळली आणि हे गेले. सगळे म्हणाले, ट्रकच्या चाकाखालचा दगड उडाला, काच एकदम पांढरी झाली, पुढचं दिसलंच नाही. जुन्या काचा तशाच — एका जागी लागलं की पूर्ण चुरा. आयुष्यभर ह्यांनी लोकांच्या गाड्यांना काचा बसवल्या, आणि शेवटी काचेनंच आंधळं केलं!

आताच्या काचा दोन थरांच्या, मध्ये चिकट पापुद्रा. फुटल्या तरी जागेवर राहतात. हे कळतं मला. हाताला कळत नाही.

१५ एप्रिल
फैजपूरचे झुलालभाऊ आले, केळीचे व्यापारी. नवी गाडी, टवका बरोबर ड्रायव्हरच्या डोळ्यांपुढे. चांदणीसारखा, पाच पाकळ्यांचा. सुपडूभाऊ म्हणाले, ड्रिल. मी म्हटलं, नको, मी भरते. चार पाकळ्या भरल्या. पाचवीत हवा अडकली ती अडकलीच.

झुलालभाऊ भिंतीवरच्या ह्यांच्या फोटोकडे बघत राहिले. पाणीही घेतलं नाही. असतात एकेक माणसं.

१६ एप्रिल
भाकरी थापताना पिठाच्या जागी पांढरी काच दिसली. सासूबाईंनी तवा काढून घेतला. "पोरी, कितला दिन अशी बसशी?"

१९ एप्रिल
झुलालभाऊ परत आले. गाडी उन्हात उभी होती, पाचवी पाकळी बोटभर पुढे सरकली! अजून सरकली तर अख्खी काच बदलावी लागेल. सुपडूभाऊ चाळीसगावला गेलेले.

"तुमचे दीर येईपर्यंत थांबतो," झुलालभाऊ म्हणाले.

तोवर तडा थांबेल का? ऊन तर चढतंच होतं. ओलं फडकं टाकून काच निववली. ड्रिल उचललं. कोपर बॉनेटवर टेकवलं. टोक लावलं — किर्र्र... डोळे मिटावेसे वाटले, पण मिटून कसं चालेल? पापुद्रा लागायच्या आत थांबायचं. थांबले. काच तशीच. मग रेझिन सोडलं, ते हळूहळू पाकळीत शिरलं आणि तडा विरघळल्यासारखा झाला.

मी खाली बसून रडले. परक्या माणसासमोर! झुलालभाऊ पैसे ठेवून निघून गेले. संध्याकाळी मी सांगितल्यावर सुपडूभाऊ एवढंच म्हणाले, "जमलं ना?"

पण सारखं वाटतंय — ह्यांना तेवढा क्षण तरी दिसलं असतं तर.

२१ एप्रिल
झुलालभाऊ आज बायकोला घेऊन आले. उभ्या उभ्याच म्हणाले, "अक्का, तुमच्या मालकांच्या काचेला काही झालं नव्हतं. माझी लेक तिथे पारोळ्याजवळच दिलेली, त्या दिवशी मी तिच्याकडे होतो. तिचं पोर रस्त्यावर धावलं. त्यांनी पाहिलं आणि गाडी लिंबाकडे घातली, पोर वाचलं. दरवाजा अडकला, म्हणून काच मी फोडली, त्यांना बाहेर काढायला. पोलिसांच्या धाकानं बोललो नाही."

दिसलं होतं. सगळं दिसलं होतं त्यांना.

मी विचारलं, "पोराचं नाव काय?"