तपासणीच्या दिवशी आजारी

अण्णा, परवा तुमच्या शाळेत माझा, तुमच्या लेकीचा, सत्कार झाला. घोटीच्या पुढची तीच शाळा, जिथं तुम्ही अकरा वर्षं शिकवलंत आणि जिथून तुम्हाला पेठच्या डोंगरात पाठवलं. फाटकावर फ्लेक्स लावला होता. माझा पासपोर्टचा फोटो, मागे काचेच्या उंच इमारती आणि खाली ‘सातासमुद्रापार गावाचं नाव नेणारी आमची कन्या’. आखातात जायला समुद्र एकच लागतो, आणि तोही मी कधी नीट पाहिलेला नाही, कारण मी खिडकीची सीट घेत नाही. पण फ्लेक्सवाल्याशी कोण वाद घालणार? जुलैच्या दमट हवेत मला शाल पांघरली, हातात नारळ दिला. सरपंच माइकवर म्हणाले, “आमच्या ताई फॉरेनला शिकवत्यात, पन मातीला इसरल्या नाय.” समोर पोरं पाय दुमडून ओळीनं बसली होती आणि टाळ्यांची खूण झाली की टाळ्या वाजवत होती. ती खूण कोण करतंय हे मला लगेच दिसलं. धंदाच तो आहे माझा. मान खाली घालून बसले तर लोकांना वाटलं, बाई किती विनयशील. मला स्वतःची किळस येत होती.

मग चार शब्द बोलायला सांगितलं, आणि मी तुम्हाला विकून खाल्लं, अण्णा. दुसरा शब्द सुचत नाही. विस्तार अधिकारी साहेब तपासणीला आले होते, त्या दिवसाची गोष्ट मी सांगितली. मी तेव्हा चौथीत, तुमच्याच वर्गात. हेडमास्तरांनी आदल्या दिवशी बजावलं होतं की ती तीन कच्ची पोरं उद्या घरी ठेवा, नाहीतर ओढ्याकडं पाठवा. तुम्ही हो म्हणालात की गप्प बसलात, ते आठवत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तुम्ही त्याच तिघांना पहिल्या रांगेत बसवलंत. साहेबांनी मधल्या मुलीला उभं केलं आणि धडा वाचायला सांगितला. ती पहिल्याच ओळीत अडली. साहेब हसले, “गुरुजी, वर्षभर काय शिकवलंत?” तुम्ही म्हणालात, “साहेब, जूनमध्ये हिला अक्षर येत नव्हतं. आता जोडाक्षराला अडते. एवढं शिकवलंय.” पांढरा शर्ट, खिशाला लाल पेन, आवाज नेहमीचाच. साहेबांनी शेरा मारला आणि उन्हाळ्यात बदलीचा कागद आला.

ही गोष्ट सांगताना माझा गळा भरून आला. खरा भरून आला की सवयीनं, तेही मला आता कळत नाही. लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. शेवटी मी म्हणाले, “अण्णांनी दिलेला हा वसा घेऊन मी तिकडं उभी आहे.” असंच म्हणाले, अगदी याच शब्दांत. जीभ झडली नाही.

आता तिकडं मी काय करते ते ऐका. आमची शाळा आपल्याच लोकांची, मुलंही आपल्याच देशातली, फक्त वाळू परकी. दरवर्षी तिथल्या सरकारची माणसं तपासायला येतात आणि शाळेला दर्जा देतात. त्या दर्जावर सगळं चालतं, म्हणून आम्ही महिनाभर आधीपासून एकच धडा बसवतो. गॅदरिंगचं नाटक बसवतात तसा. कोण काय विचारणार, कोण चुकीचं उत्तर देणार आणि कोण ते हसत दुरुस्त करणार, सगळं ठरलेलं. प्रश्न आला की वर्गातल्या सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा, नसेल तर डावा. पाहुण्यांना दिसतं की पोरं कशी उसळतायत, आणि बाईंना कळतं कुणाला उठवायचं. ही युक्ती आमच्या शाळेत कुणी आणली माहीत आहे? मी. प्रिन्सिपल मॅडमनी स्टाफ मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं आणि आता पहिलीपासून आठवीपर्यंत तीच चालते.

माझ्या चौथीत एक मुलगी आहे. हळू वाचते, पण वाचते. तिला डावं-उजवं कळत नाही. तालमीत तिनं उजवा हात वर केला, मी उठवलं आणि ती नुसती उभी राहिली. मॅडम मागं बसल्या होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, “त्या दिवशी ही आजारी असेल, नाही का?” मी म्हणाले, “येस मॅम.” आई-बाप दोघंही कामाला जाणारे, त्यामुळं पोरीला घरी कोण ठेवणार? त्या दिवशी ती बसनं शाळेत आली. वर्गाच्या दारातच तिनं मला डावा तळहात दाखवला. पेनानं त्यावर चांदणी काढली होती. “मॅम, आज गलती नहीं होगी. नहीं आता तो ये वाला उठाना है ना?” मी तिला घेऊन चित्रकलेच्या सामानाच्या खोलीत गेले. कागद दिले, खडू दिले, म्हणाले, इथं बस, बाहेर यायचं नाही, कुणी विचारलं तर सांग मला बरं नाही. तिनं स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला. “मैं बीमार हूँ, मॅम?” मी हो म्हणाले आणि दार लावून घेतलं.

धडा छान झाला. पाहुणे हसले, त्यांनी लिहून घेतलं, हात हातात घेतला. मग स्टाफरूममध्ये केक आला, फोटो झाले, ग्रुपवर अंगठे आणि फुलं यायला लागली. आयाबाईला खोलीकडं लक्ष ठेवायला सांगितलं होतं, तिलाही केक वाटायला बोलावलं गेलं. बस सुटायच्या आधी हजेरी घेताना मला ती आठवली. दार उघडलं तर ती तिथंच बसलेली, जिथं बसवली होती तिथंच. डबा न उघडलेला. स्कर्ट ओला, फरशी ओली. मी बाहेर यायचं नाही म्हणाले होते ना, म्हणून ती गेली नव्हती. आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? बाहेरच्या कॅमेऱ्यात कुठपर्यंत दिसतं, हे. दुसऱ्यांदा काय आलं, तर आज बसमध्ये तिच्या शेजारी कोण बसतं. पोरगी त्याच्यानंतर आली. मी तिला खेळाचे कपडे घातले आणि डायरीत लिहिलं की बाटलीतलं पाणी सांडलं. दुसऱ्या दिवशी त्याच पानावर तिच्या आईचं अक्षर होतं. माझ्या मुलीची इतकी काळजी घेतल्याबद्दल मनापासून आभार, मॅम.

ती डायरी, तो केक, स्टाफरूममधला अत्तराचा वास, मुलांच्या घरून येणारे चॉकलेटचे डबे, सगळ्याची मला शिसारी येते. पण शिसारी येणारं माणूस नोकरी सोडतं. मला बढती मिळाली आहे. पुढच्या वर्षी प्राथमिकच्या सगळ्या बाया माझ्या हाताखाली असतील. होकार या आठवड्यात कळवायचा आहे. आईला विचारलं तर कणीक मळता मळता म्हणाली, “घे. एका घरात एकच हरिश्चंद्र पुरे. पेठला पावसात चूल मी फुंकत होते, ते नाही.” तिचं चुकत नाही. त्या घरात माझी पुस्तकं भिजली तेव्हा मीही तुम्हाला मनात शिव्याच घातल्या होत्या. तुमच्या त्या तीन पोरांच्या पायी आपण इथं आलो, असं वाटायचं.

सत्कार संपल्यावर एक बाई चहाचा ट्रे घेऊन आली. शाळेत पोरांची खिचडी तीच शिजवते. म्हणाली, “वळखलं का? मधली मी. गुरुजींनी उभं केलेली.” मला भाषणाची पावती मिळणार असं वाटलं, मी हात जोडायच्याच बेतात होते. ती म्हणाली, “तुमी लय भारी बोलल्या ताई. पन मला तवा लय लाज वाटली व्हती. गावभर नाव पडलं जोडाक्षर. पोरं वाटंत हाका मारायची. म्या शाळंचं तोंड नाय पायलं पुन्ना.” ती ट्रे सावरत म्हणाली, “गुरुजींवर राग नाय माजा. देवमानूस. पन पुढं बसवू का, येवडं इचारलं नाय त्यांनी मला.” आणि पुढच्या खुर्चीकडं चहा द्यायला गेली.

अण्णा, त्या क्षणी मला आनंद झाला. वाईट वाटायला हवं होतं, तिच्यासाठी, तुमच्यासाठी, कुणासाठी तरी. पण छातीवरचा दगड उतरावा तसं वाटलं. तुम्हीही चुकलात! तुम्हीही पोरीला न विचारता वापरलंत. घोटीहून नाशिकपर्यंत गाडीत मी तेवढंच घोळवत बसले. द्वारका चौक आला तेव्हा उतरला तो आनंद. तुम्ही तिला लोकांसमोर बसवलंत आणि त्याची किंमत तुम्हीही मोजलीत. मी दार लावलं आणि बढती घेतली. दोन्हींना चूक म्हणून एका माळेत ओवायला निघाले होते मी, मेलेल्या बापाच्या खांद्यावर हात टाकून.

आज सकाळी मी होकार कळवला. त्या पोरीच्या आईला मी काही लिहिलेलं नाही आणि लिहीन असंही वाटत नाही. हे पत्र तुमच्या फोटोपुढं ठेवणार नाही, आईच्या हाती लागेल. फाडूनच टाकेन. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की अण्णा असते तर माझ्या हातून वावगं काही झालंच नसतं. खोटं आहे ते. तुम्ही असतात तरी मी तिला त्या खोलीत नेलंच असतं. रविवारच्या फोनवर तुम्हाला सांगितलं नसतं, एवढंच.