थंडाईनंतरचे दिवस

१८ फेब्रु., बुध.

चौथा दिवस. ते अजून गेलेलं नाही.

आज कामावर गेले. नांदगाव पेठेच्या कापड कारखान्याची बस, गेटवर अंगठा, सगळं नेहमीसारखं. खालून उजेड असलेल्या काचेवरून कापड सरकत राहतं, आपण बघत राहायचं, फॉल्ट दिसला की लाल स्टिकर लावायचं. नऊ वर्षं हेच करतेय. आज स्टिकर लावणारा हात बघून दचकले. बांगड्या माझ्या, अंगठी माझी, पण लावतेय कुणीतरी दुसरीच आणि मी तिच्या मागे उभी राहून बघतेय. किंचाळणारच होते. पाणी प्यायले.

लिहून ठेवते. डोकं फिरलं असेल तर निदान कधीपासून ते तरी कळेल.

रविवारी महाशिवरात्र. अकोल्याला, जुन्या शहरात, सासरी. कडक उपास, त्यात एसटीचे धक्के. पोचल्या पोचल्या स्वयंपाकघरातल्या पातेल्यातली थंडाई तीन ग्लास घटाघटा प्यायले. लेकीला, ओवीला, खोकला होता म्हणून तिला दिली नाही. तास-दीड तासानं आरतीत टाळ्या वाजवायला हात उचलले आणि ते हात... छाती फुटेल असं धडधडत होतं. मरतेय असं वाटलं. "हे हात माझे नाहीत, मी इथं नाही," असं मोठ्यानं म्हणाले. झालं. गल्लीतल्या बायकांनी माझा मळवट भरला, ओटीत नारळ घातला. वैशालीच्या अंगात आलं!

शेजारच्या मंदाकाकू फुलं विकतात. त्यांचा मुलगा दोन वर्षांमागं भांडून निघून गेला, पत्ता नाही. त्यांनी माझे पाय धरले. "कवा येईन वो माय माझा पोरगा?"

मी म्हणाले, "येईल. लवकर येईल."

का म्हणाले ठाऊक नाही. म्हटलेलं मात्र चांगलं आठवतं.

२० फेब्रु., शुक्र.

सकाळी ओवीला दूध दिलं. ती पीत होती, मी बघत होते. पाच वर्षांची. हनुवटीवर पडल्याची खूण, ती कधी पडली, किती रडली, सगळं मला पाठ आहे. पण वाटत काहीच नाही. पाहुण्यांची पोर आपल्याकडे राहायला आली आहे, इतकंच. ओठांवरची साय पुसली, तीही कर्तव्य म्हणून.

हे कुणाला सांगायचं? पोटच्या पोरीबद्दल कुणी असं बोलतं का? हे असंच राहिलं तर... पुढचं लिहवत नाही.

२२ फेब्रु., रवि.

सासूबाईंचा फोन. "सोमवारी ये वो वैशू. बाया विचारून राहिल्या."

म्हटलं, मला बरं नाही.

"बरं नाही कशाचं? देवी हाय ते. तिचा मान ठेव."

आठ वर्षं माझ्या पोळ्यांचा नकाशा होतो म्हणणारी बाई! आता मान. मग फोन ओवीकडे. ती बराच वेळ नुसती 'हो आजी, हो आजी' करत होती. फोन ठेवला, माझ्याजवळ आली आणि पायावर डोकं टेकलं. "आजी म्हणे, आईले तरास नाही द्यायचा. आई देवी हाय."

रात्री दोडक्याची भाजी मुकाट्यानं खाल्ली. दोडका! एरवी एका घासाला अर्धा तास तमाशा. पोर मला घाबरतेय. मला ती परकी आणि तिला मी देवी, मग या घरात आई कोण आहे? नवरा, नि., मोबाईलवर क्रिकेट बघत होता.

२५ फेब्रु., बुध.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि तसाच बंद केला. रेहानाबाजी शेजारच्या टेबलवर चेकिंग करते. तिचे रोजे चालू आहेत तरी सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसते. म्हणाली, "रोजा मेरा है, तू काहून खाऊन नाही राहिली?"

सगळं सांगून टाकलं. हातांचं, बायकांचं. ओवीचंसुद्धा. हसेल वाटलं होतं. ती डॉक्टरसारखी विचारत सुटली. तोंड सुकलं होतं का? डोळे लाल? घड्याळ पुढं सरकत नव्हतं? हो, हो, हो.

"बाई, देवी नाही, भांग हाय ते. माझ्या भावानं एकदा दोस्तांच्या नादानं खाल्ली होती. महिनाभर म्हनत होता, बाजी, मैं मैं नहीं लगता."

भांग. मी चहासुद्धा दोनच कप पिणारी बाई. दुपारभर कापड डोळ्यांसमोरून गेलं, एकही फॉल्ट दिसला नाही. सुपरवायझर ओरडला.

२६ फेब्रु., गुरु.

सकाळी चहा देताना नि.ला सरळ विचारलं, "थंडाईत भांग होती?"

त्यानं बशी खाली ठेवली. तेव्हाच कळलं.

त्याला माहीत होतं. रविवारी संध्याकाळपासून! दरवर्षी दोन पातेली होतात, घरचं साधं आणि बंटीभाऊजींच्या मित्रांचं भांगेचं. भांगेच्या पातेल्यावर बेलाचं पान ठेवायचं, म्हणजे बायका-पोरांनी हात लावायचा नाही, अशी खूण. यंदा सासूबाईंनी महादेवाला नैवेद्य म्हणून साध्या पातेल्यावरही बेल वाहिला. भाऊजींनी अंदाजानं एक पातेलं बाहेर नेलं. दुसरं घरचं समजून मी प्यायले. आणि यांच्या कधी लक्षात आलं? मित्र म्हणाले, "भाऊ, यंदा चढूनच नाही राहिली." तोवर आत माझ्या ओटीत नारळ पडत होते. दोघा भावांनी उरलेलं पातेलं गुपचूप मोरीत ओतलं.

"सांगितलं काहून नाही?"

"आईले किती वाईट वाटलं असतं. गल्लीत सगळे पाया पडून राहिले होते तुया. म्हटलं, दोन दिवसात उतरते."

अकरा दिवस. अकरा दिवस मी स्वतःला वेडी समजतेय आणि हा शेजारी झोपून घोरतोय. ओवीला खोकला नसता तर? तिनं मागितली होती, ग्लास तिच्या तोंडाला लावायचाच बाकी होता. हे म्हटल्यावर मात्र तो पांढराफटक पडला. हे त्याच्या मनातही आलेलं नव्हतं!

त्याच्याशी बोलणं बंद.

२८ फेब्रु., शनि.

बोलणं बंद असलं तरी डॉक्टरकडे त्यालाच घेऊन गेले. मनाच्या डॉक्टर, तरुण बाई. सगळं ऐकून म्हणाल्या, भांगेनंतर फार घाबरलं की असं होतं, मन स्वतःपासून लांब उभं राहतं. वेड नाही. बहुतेकांचं हळूहळू जातं. किती दिवसांत? ते नाही सांगितलं. थोड्या दिवसांची गोळी.

"गेलं की आहे, हे दिवसातून किती वेळा तपासता?"

"सारखंच."

"काम काय करता?"

"तपासायचंच."

त्या हसल्या. मीही हसले, पंधरवड्यात पहिल्यांदा. म्हणाल्या, घरी ही नोकरी बंद करा. ते आहे तर असू द्या, त्याच्यासकट भाजी चिरा, त्याच्यासकट पोरीला गोष्ट सांगा.

फॉल्ट दिसतोय आणि स्टिकर लावायचं नाही. मला जमणार नाही बहुतेक.

४ मार्च, बुध. धुळवड.

दार लावून घरात. खालच्या मजल्यावरून थंडाईचा जग आला. नुसता बघून मी मागे सरकले. नि.नं जिन्यातूनच परत पाठवला, "आमच्याकडे चालत नाही." ठीक आहे, एवढं केलं त्यानं.

ओवी रंग खेळायला गेली नाही. माझ्यासमोर हात जोडून विचारलं, "मी जाऊ का?" जा म्हटलं तरी माझ्याकडे बघतच उभी. पाच वर्षांचं मूल परवानगी घेऊन रंग खेळतं का? मला रडू आलं. तेही लांबून आल्यासारखं.

८ मार्च, रवि.

अकोल्याहून आलो.

मी जाते म्हटलं, नि. म्हणाला, "राहू दे ना, लोक विसरतात." गेलेच. सासूबाईंना वाटलं, देवी एकदाची राजी झाली. चौरंग मांडलेला, पाच-सहा बायका, मंदाकाकू पुढे. मी चौरंगावर बसले नाही. उभ्यानंच सांगितलं, "देवी नव्हती. मला भांग चढली होती."

कुणीतरी फिसकन हसलं. भाऊजी मागच्या दारानं पसार. सासूबाई कडाडल्या, "घराची इज्जत चव्हाट्यावर आनतं का? कोनं पाजली तुले?" तेव्हा नि.नंच तोंड उघडलं, बेलाच्या पानाचं सांगितलं. सासूबाई चौरंगाच्या कडेवरच बसल्या. "म्या वाह्यलं पान," इतकंच म्हणाल्या. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही.

बायका उठून गेल्या. मंदाकाकू बसून राहिल्या.

"मंग तो येनार नाही?"

"मला माहीत नाही, काकू."

"म्या रोज त्याच्या वाटची भाकर ठेवून राहिली. तीन हप्ते झाले."

त्यांनी फुलांची टोपली उचलली, दारात थांबल्या. "माहीत नव्हतं तं बोलली काहून?"

हे मी जन्मभर विसरणार नाही.

बसमध्ये ओवी खिडकीशी. बडनेरा आल्यावर म्हणाली, "तू देवी नाही?"

"नाही."

"मग कोण?"

"आई," म्हणाले. तोंडानं म्हणाले. आतून खात्री नव्हती.

१० मार्च, मंगळ.

ओवीनं नमस्कार केला नाही. लांबून बघते, अंदाज घेते.

कामावर दुपारी बराच वेळ ते नव्हतं बहुतेक. नक्की नाही. तपासायला गेले आणि लगेच हजर. रेहानाबाजी म्हणे, "बुलाएगी तो आएगाच ना!"

सासूबाईंचा फोन नाही. मंदाकाकूंना करावासा वाटतो. करून काय म्हणू?

नि.शी तीन वाक्यं. गॅस, दूध, फी.

१३ मार्च, शुक्र.

सकाळी युद्ध. ओवी वेणी घालू देईना. "तू ओढते! तुले येतच नाही! बाबा घालतील!" कंगवा भिरकावला, तो थेट देव्हाऱ्यात. खाली शाळेचा ऑटोवाला हॉर्नवर हॉर्न. मी तापले, "ओवे, गपचूप बस नाही तर अशीच झिपरी जाशील!" अशीच झिपरी गेली. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. आगाऊ कार्टी.

दार लावायला गेले तर पाण्याची बाटली ओट्यावर. उन्हं किती तापलीत, ही दुपारपर्यंत काय पिणार? वर्गातल्यांकडे मागणार नाही, मला माहीत आहे ना, मरेल पण मागणार नाही. धावत सुटले. जिना, फाटक, रस्ता. कोपऱ्यावर ऑटो गाठला. तिनं बाटली घेतली आणि तोंड फिरवलं. अजून राग.

परत येईपर्यंत ते पुन्हा आलं होतं. जिना लांब, कठडा धरलेला हात लांब. आजही गेलेलं नाही, उद्या असेल की नसेल ठाऊक नाही. पण घरात शिरताना तळपायांना चटके बसलेले जाणवले, खाली बघितलं तर अनवाणी. दारापासून कोपऱ्यापर्यंत ते नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं.