शांत होत गेलेली वॅगन

२ मार्च

ती. मामांस,
ठमीचा सा. नमस्कार. वि. वि.

तुमची वॅगन सुखरूप पोचली. ट्रकवरून उतरवताना मी डोळे गच्च मिटून उभी होते आणि आई मात्र जन्मभर हेच काम केल्यासारखी ड्रायव्हरला सूचना देत होती. शेजारच्या काकांनी एवढी लांबलचक जपानी गाडी बघून विचारलं, की भाजीचा धंदा काढतेस का. मी सांगितलं, की काढला तर भाजी फार लवकर पोचेल, हिला टर्बो आहे.

तुमच्या नव्या फ्लॅटला गॅरेज नाही म्हणून ती माझ्याकडे आली, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण आता तिचे लाड मी करणार. टर्बोतून येणारी गरम हवा गार करणारा जरा मोठा इंटरकूलर मिळालाय, तो बसवायचा आहे. त्याआधी ऑइल बदललं, स्पार्क प्लग काढले. बॅटरी बाजूला केल्याशिवाय तिथे हात जात नाही, आणि ती केली तरी बोटांची सालटी निघालीच. दोन प्लगच्या पांढऱ्या भागावर चमकणारे बारीक ठिपके दिसले. ते काय असावेत?

हे सगळं फोनवर विचारणार होते. पण तुम्ही फोन मामीच्या हातात देता आणि मामी म्हणते, त्यांना पत्रच आवडतं. तेव्हा सविस्तर उत्तर पाठवा. लोभ आहेच, तो गाडीबरोबर थोडा वाढवा.

तुमची ठमी

९ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

लोकांच्या कवळ्या घडवणाऱ्या मुलीने माझ्या इंजिनात हात घातला हे वाचून आधी घाबरलो, मग बरं वाटलं. ठिपक्यांचं मनावर घेऊ नकोस. हल्लीचं पेट्रोलच तसलं. प्लग पुसून परत लाव.

बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, किती ठेवायचा ते मी वर्षातून एकदा ठरवायचो, त्याची रीत सांगून ठेवतो. चढाचा रस्ता घ्यायचा, काचा खाली करायच्या, बूस्टचा स्क्रू थोडा थोडा आवळत जायचं. दाब फार झाला की इंजिन डब्यात वाटाणे हलवल्यासारखं वाजायला लागतं. तसं वाजलं की स्क्रू थोडा मागे घ्यायचा, झालं. मीटरबिटर काही बघायचं नाही. छापखान्यात नऊ मशीनं एकदम धडधडत असताना कुठलं आजारी आहे ते मी दारातून सांगायचो. वॅगनचं म्हणशील तर माझ्या हाताखाली ती इतकी सुधारली, की दरवर्षी आदल्या वर्षीपेक्षा जास्त आवळता यायचं, आणि वाजण्याचं नाव नाही.

इकडे सगळं ठीक. फक्त या इमारतीतली माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. बातम्या देणारेही तसेच. तुझ्या मामीलासुद्धा ती सवय लागली आहे. आईला माझी आठवण सांग आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा मामा

२० मार्च

ती. मामांस,
सा. नमस्कार. वि. वि.

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिते आहे.

परवा आईला मागे बसवून चढावर गेले. अर्ध्या चढालाच आईने विचारलं, की गाडीखाली डबे बांधलेत का. वाटाणे कसले मामा, खडी वाजत होती. मी तिथल्या तिथे ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि घरी येऊन स्क्रू अगदी सैल केला. मग तांब्याची नळी एका टोकाला चपटी करून इंजिनच्या बोल्टखाली आवळली, दुसऱ्या टोकाला रबरी नळी लावून ती कान झाकणाऱ्या मफात घातली, म्हणजे इंजिन थेट कानात ऐकू येतं, आणि पुन्हा गेले. आता गाडी वाजत नाही. चारही सिलिंडरचा दाब तपासला, तिसऱ्याचा किंचित कमी आहे, पण चालेल. आणखी एक उन्हाळा तशीच पळाली असती, तर इंजिन गेलं असतं. ते ठिपके पेट्रोलचे नाहीत, पिस्टनचे कण आहेत.

रागावू नका. गाडी सुधारली म्हणून ती वाजेनाशी झाली, असं झालेलं नाही. आईला मागच्या सीटवर ऐकू आलेला आवाज तुम्हाला पुढे स्टिअरिंगवर बसून ऐकू येत नव्हता का? कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन या, एवढंच मागते. तुम्ही शेजारी बसून ऐकेपर्यंत मी त्या स्क्रूला हात लावणार नाही. इंजिनचे भाग मिळतात, मामा दुसरा मिळत नाही.

माझ्यावरचा लोभ या पत्रामुळे आटला, तर मला सहन होणार नाही.

तुमची ठमी

१५ एप्रिल

चि. ठमीस,
मामीचे अनेक आशीर्वाद.

पत्राची वाट बघून तू रडवेली झाली असशील. ह्यांनी तुझं पत्र वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि बाल्कनीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, तिला म्हणावं विकून टाक गाडी. डॉक्टरांचं नाव काढलं की वर्तमानपत्र वर.

मला कळत नव्हतं असं नाही. दाराची बेल वाजली की मी उठते, फोन आला की मी घेते. त्यांना लोकांसमोर कमीपणा नको म्हणून करत आले. पण परवा चार माणसांत सगळे हसले तेव्हा हे मागाहून, माझ्याकडे बघून हसले. तू लिहिलंस ते बरंच केलंस, मला इतकी वर्षं ते धाडस झालं नव्हतं.

गाडी विकू नकोस. पुन्हा लिही, पण समजूत घालू नकोस, समजूत घातली की ते जास्तच घट्ट होतात. काहीतरी काम सांग. तुझा जीव आमच्यावर आहे, तो तसाच राहू दे.

तुझी मामी

२२ एप्रिल

ती. मामांस,
सा. नमस्कार. वि. वि.

इंटरकूलर बसला. तो मोठा आणि जागा लहान, म्हणून एक पट्टी कापून नवी घडवावी लागली. दातांना पॉलिश करायची मशीन तिच्या कडा घासायला कामी आली. आमच्या लॅबच्या साहेबांना सांगू नका. पण आता टर्बो जोर धरायला लागला की कुठूनतरी फुस्स आवाज येतो. कुठलातरी जोड सुटलाय. मी स्टिअरिंग सांभाळू की आवाज शोधू? आईला बसवलं, तर ती डोळे मिटून देवाचं नाव घेते.

तेव्हा शेजारच्या सीटवर एक माणूस पाहिजे आहे. जुना चालेल, फक्त दुरुस्ती करून घेतलेला असावा. मी रोज माणसांना दात करून देते मामा. घेऊन जाताना लाजतात आणि आठवड्याने कणीस खाऊन दाखवायला येतात. कानात मशीन घालणं म्हणजे तेवढंच.

गाडी विकणार नाही. जागा रिकामी ठेवली आहे. लोभ असेल तर यावं, नसेल तर भांडायला यावं.

तुमची ठमी

२८ मे

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

काल घरी पोचलो. प्रवास बरा झाला. तुझ्या घरी असताना तुला जे सांगायचं होतं ते तोंडातून निघालं नाही, म्हणून लिहितो.

तुझ्याकडे येण्याआधी कानात मशीन घातलं त्या दिवशी मी स्वतःच्या चपलांना दचकलो. वर्तमानपत्र उलगडलं तर पत्रा फाडल्यासारखं वाटलं. तुझी मामी पुटपुटत नाही, स्पष्ट बोलते. पुटपुटायची असं समजत होतो तोवर मी सुखी होतो. ती हसून म्हणाली, की आता तोंड आवरावं लागेल. आणि रडलीही. मला बेल ऐकू येते, तर आम्ही दोघंही एकदम उठतो आणि दारात एकमेकांना धडकतो.

सुटलेला जोड मला सापडला म्हणून तू कौतुक केलंस. त्यात काही विशेष नव्हतं. खालच्या नळीचा क्लॅम्प ढिला होता, आज ना उद्या तुलाही सापडला असता. मनाला वेगळंच लागलंय. तू वळताना इंडिकेटर दिलास आणि आत टकटक सुरू झालं. मी विचारलं, हे काय बिघडलं. तू हसलीस. माझ्या लेखी तो आवाज या गाडीत कधीच नव्हता. दरवर्षी ती थोडी शांत होत गेली आणि दरवर्षी मला वाटलं, माझा हात बसतोय. अभिमानाने तोंड भरून सांगायचो मी लोकांना. मी इंजिन मारत होतो, ठमे, आणि कौतुकाने मारत होतो. तू वेळेवर थांबवलंस. तुझं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, तू माझ्याकडून काहीतरी काढून घेते आहेस. आता उलट वाटतं.

स्क्रू आता कायमचा तुझ्याकडे. पुढच्या महिन्यात आपण पुन्हा चढावर जाऊ. आवळायचं तू, ऐकायचं दोघांनी, आणि दोघांचं एकमत झाल्याशिवाय पाव वळसासुद्धा पुढे नाही. तिसऱ्या सिलिंडरचा दाब दर उन्हाळ्यात बघत जा.

आणखी एक. परतताना उतारावर इंजिन शांत होतं, तेव्हा तू काहीतरी गुणगुणत होतीस. मी मुद्दाम काही बोललो नाही, थांबशील म्हणून. घरी येऊन तुझ्या मामीला सांगितलं, की ठमीला हे नवीनच लागलंय. ती म्हणाली, नवीन कुठलं, ही मुलगी फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून गुणगुणते, तुमच्याच गाडीत, तुमच्याच शेजारी बसून.

पुढच्या वेळी जरा मोठ्याने गुणगुण. बरंच ऐकायचं राहिलंय.

तुझा मामा