धवल्यातलं नाव

आगर, डहाणू
ता. २ फेब्रुवारी १९५७

ती. चंदरदादास पुतळीचा शि. सा. न.

आयचा खोकला हटत नाही. गावातली सगळी लग्नं धवले गाऊन लावणारी बाई आता चार शब्दांत दमते. उरलाय तेवढा आवाज चंदरच्या मांडवासाठी, असं सारखं म्हणते. नुसतं गा म्हटलं तर रागावते. नवरा-नवरीचं नाव घेतल्याशिवाय धवला पुढं जात नाही, हा तिचा नेम तुला ठाऊक आहे. तुझ्यासाठी बघितलेली वरोरची मुलगी चांगली आहे रे. की हॉटेलातल्या मडमांपुढं वाजवून आम्ही गावंढळ झालो? उत्तर धाड.

तुझी पुतळी

धोबीतलाव, मुंबई
ता. ११ फेब्रुवारी १९५७

चि. पुतळीस अ. आ.

आमच्या बँडमध्ये ट्रम्पेट गोव्याचा, पियानोवर पारशीबाबा, ढोल वाजवणारा दादरच्या वरातीतला. दिवसा स्टुडिओत माझ्या क्लॅरिनेटशेजारी लखनौचे सारंगीवाले खाँसाहेब असतात. तिथला गाण्याचा कोठा बंद पडला म्हणून इथं आले. सूर कुठं शिकलास, असं ते विचारतात. आयच्या मांडीवर, असं सांगतो.

आता लिहितो ते मन घट्ट करून वाच. दोन वर्षांपूर्वी मी लग्न केलं. ती बँडमध्ये गाते, गोव्याची ख्रिस्ती आहे. आयला सांगू नकोस. होळीला दोघं येऊ. नाव तेव्हाच सांगेन, आत्ता लिहायला हात धजत नाही.

तुझा चंदर

आगर
ता. २५ फेब्रुवारी १९५७

दादा,

तुझं पत्र आलं तेव्हा मी डहाणूच्या बाजारात मासळी विकत होते. आयला दम निघेना, तिनं शेजारच्या भिकूमामाकडून वाचून घेतलं. त्यानं सगळं वाचलं.

मी घरी आले तर आय हिरवं लुगडं नेसून बसलेली. दारात चार बांबू, आंब्याचे टाळे, पाटावर दोन नारळ, एक तुझा, एक नवरीचा. तुझ्या नारळाला हळद लावून तिनं धवला धरला. आवाज फाटत होता, तरी धरला. आयबरोबर धवले गाणारी ठकीकाकी हातातली सुकट टाकून धावत आली. नवरीच्या नावापाशी आय थांबली आणि माझ्याकडं बघितलं. मला ठाऊक नाही, असं मी म्हटलं. ती रागावली नाही. कुणाची का असेना, पोरीला नाव असेल ना, एवढंच म्हणाली. हळदीची बोटं तशीच धरून संध्याकाळपर्यंत बसली.

बुधवारी गेली. तार केली, तर तू बँडबरोबर पुण्याला गेल्याचं कळलं. मला तुझा फार राग आलाय दादा, आणि रडूही आवरत नाही.

दुसरा नारळ कोराच आहे. उरलेला धवला ठकीकाकी म्हणणार आहे. वहिनीला माझा नमस्कार सांग, आणि तिचं नाव लिहून पाठव.

पुतळी