सुईवरची काळी भुकटी

शनिवार, १७ जानेवारी. नेपरव्हिल

हे काय करून बसलो मी?

शेजारच्या हेलनबाईंचा पेटीतला ग्रामोफोन आज दुरुस्त झाला. चालतो का बघायला झाकणाच्या कप्प्यात सापडलेली रेकॉर्ड लावली. लेबल कोरं होतं. तिथेच थांबायला हवं होतं. कोरं लेबल म्हणजे घरी आवाज भरलेली मऊ तबकडी, पोलादी सुई तिला खरवडून काढते. वीस वर्षं ग्रामोफोन दुरुस्त करतोय, मला माहीत नव्हतं का?

इंग्रजीत एका माणसाचा आवाज आला. "हेलन, बाळा, डॅडी लवकर घरी येतोय." मी सुई न उचलता शेवटपर्यंत ऐकत राहिलो. सुईवर काळी भुकटी साचत होती.

त्यांचे वडील युद्धावरून परत आले नाहीत. त्यांचा आवाजही आठवत नाही, असं बाई म्हणाल्या होत्या.

मीराला सांगितलं. बायको म्हणून तरी धीर देईल वाटलं. ती म्हणाली, "उद्या जाऊन सांगून टाक यार."

पण काय सांगू? आवाज आहे, की होता? परत लावल्याशिवाय कळणार नाही, आणि लावली तर उरलासुरलाही जाईल.

ती काळी भुकटी फेकवली नाही. कागदाच्या पुडीत बांधून ठेवली आहे. पुडी उघडायचीही भीती वाटते, माझ्या श्वासाने उडेल म्हणून.