भट्टीत भाजलेली ऐरण

३ ऑक्टोबर १९९६

हो म्हणाले! सासरेबुवा कानाच्या ऑपरेशनला तयार झाले — तेही भांडून!

डॉ. निशिवाकीबाईंनी कानाचा नमुना टेबलावर उघडून ठेवला. हातोडी, ऐरण, रिकीब — तीन चिमुकली हाडं, एकीचा हात दुसरीला. लहानपणी कान वाहायचा, त्यात मधली ऐरण झिजून गेली. पडदा हलतो, पण निरोप पुढे पोचत नाही. त्या जागी बाई सिरॅमिकचा तुकडा बसवणार. भाताच्या शिताएवढा, पांढराशुभ्र.

“कुणाच्या भट्टीतला?” सासऱ्यांचा पहिला प्रश्न.

बाईंनी ओरडून कारखान्याचं नाव सांगितलं.

“किती अंशांवर भाजतात?”

“बाराशेच्या आसपास.”

“माझी भट्टी साडेबाराशेला जाते. कच्चं भांडं घालणार होय माझ्या डोक्यात?”

“उराबेसान, तुमच्या वाडग्यातून लोक चहा पितात. यातून ऐकायचंय. जास्त भाजलं तर बारीक छिद्रं बुजतील. मग हाड शिरणार कुठून?”

सासऱ्यांनी तो तुकडा नखावर घेतला, उजेडात धरला, जिभेला लावून पाहिला(!). “चिकटतोय, म्हणजे छिद्रं आहेत,” म्हणाले. “बरं. करा.”

५ ऑक्टोबर

पुण्यात न्यायशास्त्र (कोर्टाचं नव्हे, तर्काचं) शिकताना घट, कुलाल म्हणजे कुंभार, दंड, चक्र घोकून घोकून घसा सुकला. घटाची कारणं हीच; कुंभाराचं गाढव मात्र कारणांत मोजायचं नाही, ते नुसतं हजर असतं. पुढे क्योतोला संस्कृत शिकवायला आलो आणि कुलालाच्याच घरचा घरजावई झालो. वीस वर्षं हजर आहे.

पण गंमत पुरे. गोष्ट गंभीर आहे. गोजोझाकाच्या या कुंभारगल्लीत वाडगा भट्टीतून निघाला की मालक बोटाच्या पेरानं वाजवून पाहतो. खणखणला तर पास. बद्द वाजला तर आत कुठेतरी चीर — तिथेच फोडायचा. (आमच्याकडच्या बायकाही मडकं वाजवूनच घेतात, ती विद्या काही जपानी नाही.) गेली तीन वर्षं सासरे वाजवतात, पण त्यांना ऐकू येत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक. बोलत कुणी नाही. क्योतोत बोलत नसतात.

परवा तेच बोलले. “नोव्हेंबरची भट्टी या कानानं ऐकली तर ठीक. नाही तर तीच शेवटची. न ऐकता भांडं विकणं म्हणजे न चाखता सूप वाढणं.”

माझी बायको मिनाए झिलईच्या बादलीत हात घालून बसली होती. मान वर केली नाही.

९ ऑक्टोबर

दिवसभर निशिवाकीबाईंनी दिलेली माहिती वाचली. एका मराठी साप्ताहिकासाठी लेख लिहायच्या निमित्ताने — पण खरं म्हणजे थांबवतच नाही! धातू बसवला तर गंजतो, प्लास्टिक शरीर हळूहळू बाहेर ढकलतं. सिरॅमिकपैकी अ‍ॅल्युमिना इतका कठीण की खुब्याच्या सांध्यात वर्षानुवर्षं घासून झिजत नाही, पण हाडाशी बोलतही नाही. आणि बाईंच्या तुकड्यातला हा अ‍ॅपेटाइट! हाड ज्या क्षारांचं, त्यांचाच. शरीराला परका वाटतच नाही. हाड त्याला बिलगतं, काही महिन्यांनी शिवण सापडत नाही. दोष एकच — ठिसूळ.

जेवताना सासऱ्यांना पाटीवर लिहून समजावलं. त्यांनी वाचलं, चॉपस्टिक माझ्याकडे रोखली. “म्हणजे अ‍ॅल्युमिना हा जावई. घरात राहतो, कुणाला त्रास देत नाही, मिसळतही नाही.”

“आणि अ‍ॅपेटाइट?”

“सून. ती मला मिळाली नाही.”

मिनाए हसता हसता खोकली. मीही हसलो. काय करणार, आपण गाढव!

शेजारच्या तोफूवाल्या कोतानीबाई कळल्याबरोबर आल्या आणि तोंड उघडून दाखवू लागल्या. खालच्या जबड्यात दाताचं मूळ म्हणून स्क्रू — एकसंध स्फटिकाचा अ‍ॅल्युमिना. म्हणजे नीलमच! “यानं मी सुकं म्हाकूळ चावते,” म्हणाल्या. आमच्याकडे शनीच्या भीतीनं नीलम बोटात घालतात. या बाईनं जबड्यात घातलाय. शनीची काय बिशाद!

१७ ऑक्टोबर

झालं!! दीड तास. कानापुरतीच भूल, त्यामुळे सासरे जागे होते. बाई तुकडा बारीक घासून मापाचा करत होत्या, तेवढ्यात तो फुटला. दुसरा घेतला. सासऱ्यांना म्हणे तेव्हा फार समाधान वाटलं — “बाईंचीही फुटतात.”

नैयायिक म्हणतात, श्रोत्र म्हणजे कानाच्या पोकळीत कोंडलेलं आकाश. हाडांबद्दल ते गप्प आहेत. त्यांच्यापैकी कुणाचा कान वाहत नसावा.

२० ऑक्टोबर

शिंकले! नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, अशी सक्त ताकीद — आणि या गृहस्थांनी शिष्टाचार म्हणून तोंड मिटून शिंक दाबली. पाहुण्यांसमोर!

“सरकलं असेल का हो?” मिनाए सारखी विचारतेय.

मला काय ठाऊक!

२१ ऑक्टोबर

बाई म्हणाल्या, कानातले बोळे काढल्याशिवाय सांगता येत नाही. झोप नाही.

३१ ऑक्टोबर

बोळे निघाले. आधी काहीच नाही. सासरे भिंतीकडे बघत बसले. मिनाएनं माझी बाही घट्ट धरलेली. मागे परिचारिका कागदात काहीतरी गुंडाळत होती.

सासरे वळून म्हणाले, “पोरी, तो कागद चांगला आहे. हातकागद वाटतो.”

कागद ऐकला त्यांनी! कागद! निशिवाकीबाई उठून चक्क वाकल्या, सासरे त्यांच्याहून खाली वाकले, बाई आणखी खाली — मला वाटलं आता दोघांची टाळकी आपटतात आणि ऐरण पुन्हा निसटते.

९ नोव्हेंबर

भट्टी उघडली. काय दिवस!

दार सरकवल्यावर सासऱ्यांनी हात वर केला — कुणी हलू नका. थंड होताना झिलईला बारीक भेगा जातात, त्यांची किणकिण सुरू होती. पिंग... पिंग... आत कुणी शेकडो लहान घंटा विसरून गेल्यासारखी. ते डोळे मिटून ऐकत उभे. गालांवरून पाणी.

मग एकेक वाडगा घेतला. टण्! टण्! बद्द. “फोडा!” टण्! बद्द. “फोडा!” इतक्या आनंदानं भांडी फोडणारा माणूस मी पाहिला नव्हता. कोतानीबाईंनी गल्लीभर तोफू वाटला.

त्याच लहरीत ते मागच्या फळीकडे गेले. गेल्या तीन वर्षांतले, विकायचे राहिलेले वाडगे. टण्. टण्. टण्. सगळे खणखणीत.

“वा, बाबा! न ऐकताही अचूक!” मी टाळ्या वाजवल्या.

त्यांनी शेवटचा वाडगा खाली ठेवला. “शास्त्रीबुवा, भट्टी अशी नसते.”

आणि मिनाएकडे पाहिलं.

१० नोव्हेंबर

मिनाएनं सकाळी सांगितलं. त्यांना प्रत्येक वाडगा पासच वाटायचा. ते संध्याकाळी न्हाणीघरात गेले की ही सगळे पुन्हा वाजवायची. बद्द असतील ते फोडून भट्टीमागे पुरायची. मलासुद्धा पत्ता नाही!

सासरे एवढंच म्हणाले, “पेटीवर सही माझी आहे.”

चहाचा वाडगा लाकडी पेटीत जातो. झाकणावर ज्याची शाईची सही, त्यानं तो पारखला, असा अर्थ. जेवले नाहीत.

१२ नोव्हेंबर

सासऱ्यांनी चहाच्या गुरूंना आणि जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले — स्वतः, बऱ्याच काळानंतर. तीन वर्षांतल्या पेट्या परत पाठवा, झाकणं बदलायची आहेत. दुपारी मला शाई उगाळायला बसवलं आणि पहिल्या कोऱ्या झाकणावर लिहू लागले: उराबे मिनाए.

मिनाए धावत आली. सवयीनं कानाशी वाकून ओरडली, “बाबा! माझं नको! राहू दे ना तुमचंच!”

“ओरडू नकोस,” ते म्हणाले. “ऐकू येतंय मला.” आणि दुसरं झाकण ओढलं.