आठाचा पाढा

२० फेब्रु. १९५०, सोम.
बाबांचा हात आज फारच थरथरत होता. चहा बशीत कमी, धोतरावर जास्त. पाळकसाहेबांचं पत्र आलं. उत्तम शुक्रवारी, प्रभूच्या मरणदिनी, त्यांना पुण्याला राहावं लागणार, तेव्हा अंबरनाथच्या आपल्या पंधरावीस ख्रिस्ती माणसांपुढे मननाचं प्रवचन बाबांनी करावं. बाबा खूश. विषय लगेच ठरवला: प्रभूचं निर्दोषत्व. "मी सांगेन, तू लिहून घे." तीस वर्षं मिशनच्या शाळेत शिकवलेला माणूस, सांगायला कुणीतरी समोर लागतंच.

कॅम्पातल्या आमच्या मुलींच्या शाळेत दिवसभर एकच बोलणं. शिवरात्रीच्या जत्रेत कॅम्प तीनमधली पाच वर्षांची मुलगी हरवली, ती अजून सापडली नाही. मुलं पळवणारी टोळी आलीय म्हणतात. आया आता मुलींना न्यायला स्वतः येतात. सिंधी निर्वासित माणसं, अडीच वर्षांपूर्वी एवढं सगळं गमावून आलेली. भीती त्यांच्या घरातच राहते.

२७ फेब्रु., सोम.
शाळा सुटताना समोर लिंबाखाली एक माणूस उभा. चाळिशीचा, उंच, मळका पायजमा, काखेत कापडी पिशवी. फाटकातून निघणाऱ्या एकेका मुलीचं तोंड निरखत होता. शेवटची गेल्यावर तोही गेला. शिपायाला सांगितलं. म्हणाला, "किसीका बाप होगा, टीचर."

पाचवीची शिवण तपासली. कमलाचे टाके सर्वांत चांगले.

१ मार्च, बुध.
तिसरा दिवस. आज त्यानं कमलाचा हात धरला. बांगड्या मागे सारून मनगट बघितलं. मी फाटकापर्यंत पोचेतो सोडलाही. माझ्याकडे बघून हात जोडले आणि चालू लागला.
फाटकासमोरच्या दुकानदाराला सांगून आले, हा माणूस लक्षात ठेवा, मुलीचा हात धरताना मी पाहिलाय. दुकानदाराला दोन मुली आहेत. त्यानं मान हलवली.

२ मार्च, गुरु.
त्याला मारलं.

सुटायच्या आधीच आला होता. दुकानदारानं आधी हटकलं, मग कॉलर धरली. मग बराकींतून माणसं येत गेली. दुकानदारानं माझ्याकडे बघून विचारलं, "टीचर, यही था ना?" मी हो म्हटलं.
मुलींना वर्गात घेतलं, दार लावलं. बाहेरचं ऐकू येऊ नये म्हणून आठाचा पाढा मोठ्यानं म्हणायला लावला. चाळीस मुली. तीनदा म्हटला. तरी मधेमधे ऐकू येत होतं.

हवालदार आला तेव्हा तो जमिनीवर पडलेला. मला विचारलं, मी पाहिलं ते सांगितलं. हात धरला होता. खाली सही केली.
लोक सांगत होते, त्यानं एकदाही हात उचलला नाही. गुन्हेगारच असणार, नाहीतर बोलला असता, असं मुख्य बाईंचं म्हणणं.

३ मार्च, शुक्र. होळी.
हरवलेली मुलगी सापडली. कल्याणला मावशीकडे होती. जत्रेत मावशीच भेटली, ती घेऊन गेली, निरोप पोचलाच नाही. कुणी पळवली नव्हती.
संध्याकाळी शेजाऱ्यांनी पोळी आणून दिली. बाबांनी खाल्ली. मला गेली नाही.

६ मार्च, सोम.
त्याचं नाव खेमचंद. गाव शिकारपूरकडचं. सत्तेचाळीसच्या पावसाळ्यानंतर इकडे येताना मारवाडच्या बाजूला गाडी बदलताना मुलगी हातातून सुटली. लछमी. तेव्हा सहा वर्षांची. बायको आधीच गेलेली. तेव्हापासून तो एकेका कॅम्पात जातो, शाळा सुटायच्या वेळी उभा राहतो.
पिशवीत एक फ्रॉक निघाला आणि एक कागद. देवळाली, पिंपरी, कोल्हापूर, चेंबूर. सगळ्यांवर काट. आमच्या कॅम्पवर अजून काट नव्हती.
हे सगळं शिपायानं सांगितलं. पोलिसांनी सोडून दिलं, त्याच्यावर काही नाहीच. जशोदा माई म्हणून एक म्हातारी आहे, पापड करून विकते, तिनं आपल्या बराकीत ठेवून घेतलंय.
मुलीच्या डाव्या मनगटावर दूध सांडून भाजल्याचा डाग. म्हणून मनगट.

११ मार्च, शनि.
अर्धी शाळा. जशोदा माईकडे गेले. बराकीला गोणपाटाचे पडदे, त्यामागे एकेक कुटुंब. तो कोपऱ्यात भिंतीला टेकून. उजवा पाय लाकडाच्या पट्ट्यांत बांधलेला, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. घरून भाताची पेज नेली होती. माईनं ओळख करून दिली, स्कूल की टीचर आयी है. तो उठायला बघत होता.
आवाजावरून त्यानं मला ओळखलं नाही. त्या दिवशी मी नुसतं हो म्हटलं होतं.
पेज सांडली नाही त्यानं. अगदी सावकाश खाल्ली.

बाहेर माई म्हणाल्या, पीठ कोण आणून ठेवतं कळत नाही, दारात असतं सकाळी. मला वाटतं दुकानदार. विचारलं नाही.

१९ मार्च, रवि.
उपासनेनंतर बाबा सांगत गेले, मी लिहीत गेले. रोमी सुभेदार पिलातानं प्रभूची चौकशी केली, काही दोष सापडला नाही, तसं त्यानं तोंडानं सांगितलंही. आणि तरी जमावाच्या मागणीवरून त्याला मरणाला सोपवून दिलं. बाबा म्हणाले, यातलं 'आणि तरी' जाड अक्षरात लिही.
मग म्हणाले, लोकांबद्दल मला जरा वेगळं सांगायचंय. ते राक्षस नव्हते. सणाला आलेली साधी माणसं. पोराबाळांची.
माझं पेन थांबलं. बाबांनी विचारलं, "शाई संपली का?"
हो म्हटलं. दौत भरून आणली.

२३ मार्च, गुरु.
डॉक्टर खेमचंदला बघून गेले. डावा डोळा गेलाच होता. आज पट्टी सोडली, उजव्यानं उजेड कळतो, माणूस कळत नाही. यापुढे काही होणार नाही म्हणाले.
डॉक्टर गेल्यावर बराच वेळ तो बोटांनी चादरीचा काठ चाचपत होता. मग मला म्हणाला, "अदी, तुम तो रोज़ कितनी लड़कियाँ देखती हो. बायाँ हाथ देख लिया करो."
अदी म्हणजे सिंधीत बहीण.
माई संतापून मारणाऱ्यांना शिव्या देत होत्या. त्यानं थांबवलं. "उनका क्या कसूर, माई. मेरी लछमी के सामने कोई ऐसे आकर खड़ा होता, तो मैं भी मारता."
मला तिथं बसवेना. उद्या येते म्हणून निघाले, चपला उलट्या घातल्याचं शाळेच्या फाटकापाशी लक्षात आलं.

२४ मार्च, शुक्र.
गेले नाही.

२७ मार्च, सोम.
प्रार्थनेच्या रांगेत मुलींचे हात बघते. नखं तपासायच्या निमित्तानं. पाचवी आणि चौथी झाली. डाग तीन जणींना. एक कमला, तिचे आईवडील इथेच आहेत. दुसरीला भाऊ आहे. तिसरी माझ्याकडे बघून रडायलाच लागली, तिला वाटलं मी मारणार.

२९ मार्च, बुध.
मुख्य बाईंशी बोलले. म्हटलं, मी लोकांना सांगायला हवं की सुरुवात माझ्यापासून झाली. त्या वाईट नाहीत, फाळणीत त्यांचा भाऊ गेला. म्हणाल्या, शाळेचं नाव निघालं तर आईबाप मुली काढून घेतील, पुन्हा पापड लाटायला बसवतील. चाळीस मुलींचा विचार करा.

तिथून चौकीवर. हवालदारानं कागद काढून माझा जबाब मलाच वाचून दाखवला. "बाई, यात खोटं काय आहे? हात धरला होता ना?"
धरला होता.
"मग झालं."
मारणाऱ्यांचं काय, विचारलं. म्हणाला, नावं द्या. दुकानदाराचं नाव माझ्या ओठापर्यंत आलं. त्याच्या धाकट्या मुलीला मी अक्षरं शिकवते. आणि माझं नाव आधी द्यायला लागलं असतं. नाव न देता उठून आले.

३ एप्रिल, सोम.
दोन मार्चच्या दिवशी एक गोष्ट मी इथं लिहिली नव्हती.

दार लावल्यावर कमला बाकावरून उठून माझ्याजवळ आली. साडीचा पदर ओढून म्हणाली, "टीचर, उसने कुछ नहीं किया. वो रो रहा था. बोला, तू मेरी नहीं है, और सर पे हाथ रखा."
बाहेर तेव्हा नुसती ओरडाआरड चालली होती. तो अजून उभा होता. खिडकीतून दिसत होता मला.
मी कमलाला म्हटलं, जागेवर बस. आठाचा पाढा म्हण.
तिनंही म्हटला. सर्वांत मोठ्यानं.

मला वाटलं नव्हतं की ती खोटं बोलतेय. मला वाटलं, आता बाहेर जाऊन काय सांगू, हो तर मीच म्हटलंय.

आज बाबांना सांगितलं. सगळं. ते ऐकत राहिले, मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "आपली पापं प्रभूनं वधस्तंभावर वाहिली, सुशीला. तू मागितलीस तर क्षमा आहे."
मी म्हटलं, "प्रभू स्वतः होऊन गेला, बाबा. खेमचंदला कुणी विचारलं होतं?"
बाबा रात्री जेवले नाहीत.

७ एप्रिल. उत्तम शुक्रवार.
आमच्याच ओटीवर उपासना. सतरा माणसं, उकाडा भयंकर. बाबांनी सुरुवात चांगली केली. बागेतली अटक, मुख्य याजकाच्या घरची चौकशी, खोटे साक्षीदार. पिलातापाशी आले आणि आवाज बसला. पाणी प्यायले, तरी नाही. कागद माझ्याकडे दिला.
खरंच आवाज बसला होता की काय, माहीत नाही. मी विचारणार नाही.

मी वाचलं. ज्याच्या तोंडी कपट नव्हतं, ज्यानं आजाऱ्यांना बरं केलं, मुलांना जवळ घेतलं, त्याच्या पाठीवर फटके. थट्टा. काट्यांचा मुगूट. दोष नाही हे ठाऊक असलेल्यांनी त्याला सोपवला. माझंच अक्षर होतं, कुठे अडले नाही. 'आणि तरी' जाड अक्षरात होतं.
त्याला जे दुखलं ते खरंखुरं दुखलं. आजवर इतक्यांदा ऐकलं, पण खिळे म्हणजे मला गाण्यातला एक शब्द होता. आज वाचताना माईच्या बराकीतला तो चादरीचा काठ चाचपणारा हात दिसत होता.
संपल्यावर गायकवाडकाकू म्हणाल्या, "किती शांतपणे वाचलंस गं."

९ एप्रिल, रवि. पुनरुत्थान दिन.
गाणी झाली. अंडी रंगवली शेजारच्या मुलांसाठी. बाबा आज बरे. मला आनंद झाला असं लिहिता येत नाही. तिसऱ्या दिवशी थडगं रिकामं होतं, मान्य. खेमचंदचा डोळा तिसऱ्या दिवशीही तसाच, आणि अडतिसाव्याही.

१५ एप्रिल, शनि.
सांगितलं.

दुपारी गेले. माई नळावर. तो भिंतीला टेकून पापडाच्या पिठाचे गोळे करत होता. माईनं शिकवलंय, हाताला अंदाज चांगला आहे, सगळे सारखे होतात.
वाटेत वालधुनी नदीच्या पुलावर वाक्यं जुळवली होती. एकही आठवलं नाही. जे आलं ते बोलले.
"उस दिन दुकानवाले को मैंने बताया था. पहचाना भी मैंने. और कमला ने मुझसे कहा था कि आपने कुछ नहीं किया. तब आप खड़े थे. मैंने सुना, और उसको चुप कराया."
बोटं थांबली. पलीकडच्या पडद्याआड कुणीतरी पाटावर काहीतरी कुटत होतं, ते चालूच होतं.
मग त्यानं विचारलं, "वो लड़की कौन सी जमात में है?"
"पाँचवीं."
"अच्छी लड़की है," म्हणाला.
मी वाट बघत बसले. रागावेल, तोंड फिरवेल, उनका क्या कसूर म्हणेल. यातलं काहीही चाललं असतं. त्यानं पिठाचा हात पंच्याला पुसला आणि पुढे केला. "पानी."
माठातलं ओतून दिलं. दोन्ही हातांनी पेला धरून प्यायला, थोडं गळ्यावरून सांडलं. पेला परत देताना मी होते त्याच्या जरा डावीकडे धरला. मी सरकून घेतला. तहान लागली होती, पाणी मागितलं. याच्यापेक्षा जास्त काही मी त्यात बघू नये.

मग पुन्हा गोळे करू लागला.
माई हंडा घेऊन आल्या, चहा घेतला का विचारलं. नको म्हटलं. "जाती हूँ," मी म्हटलं, त्याला ऐकू जाईल असं. एरवी तो म्हणतो, अच्छा, अदी. आज नाही म्हणाला. येऊ नको, असंही नाही म्हणाला.

सोमवारी शाळा आहे. तिसरीच्या मुलींचे हात बघायचे राहिलेत. ते बघेन. पण बघून झाल्यावर ते सांगायला तिकडे जायचं की नाही, ते मला कळत नाही. त्यालाच विचारायला हवं होतं. पडदा उचलून बाहेर येईपर्यंत ते मनात होतं, विचारलं मात्र नाही.